लस आणि कोयता

खेड्यांत एखादी आरोग्याची योजना फसली, कीं आमच्या कॉलेजांत चहाच्या वेळीं एक शब्द हटकून निघतो : अज्ञान. हा शब्द आम्हां सुशिक्षितांना फार सोयीचा आहे. तो उच्चारला, कीं पुढें विचार करण्याचे श्रम वांचतात.

बारामती तालुक्यांतील कोऱ्हाळे बुद्रुककडे गेलों, कीं मला या शब्दाचा फोलपणा जाणवतो. नीरेच्या डाव्या कालव्यानें हा मुलूख उसाचा केला. जवळच सोमेश्वरचा साखर कारखाना आहे. दिवाळीच्या सुमारास बीडकडील ऊसतोड मजूर येतात, कोप्या उभारतात, आणि गळीत संपेपर्यंत चार-पांच महिने तेथेंच राहतात. नवराबायकोच्या जोडीला नांवच ‘कोयता’! उचल आधींच घेतलेली असते, म्हणून खाडा परवडत नाहीं.

आतां सरकारी लसीकरणाचें वेळापत्रक पाहा. जन्मतःची लस झाल्यावर पुढच्या लसी ६, १० आणि १४ आठवड्यांनीं. आश्विनांत जन्मलेल्या मुलाच्या या तिन्ही वेळा गळिताच्या हंगामांतच येतात. मुलाचें नांव बीडकडच्या वहींत, आणि मूल कोऱ्हाळ्याच्या फडावर! लस देण्याचा दिवस ठरलेला, पण त्या वेळीं आई पहांटेपासून उसांत. लस चांगली, परिचारिका कामसू, आईची माया निःसंशय; तरी तिघींची गांठ पडत नाहीं. यांत अज्ञान कोणाचें?

१८९७ सालीं पुण्यांत प्लेगचे रोगी वेगळे ठेवण्यासाठीं गोऱ्या शिपायांनीं घरें झडलीं. हेतु रोग आवरण्याचा होता. पण देवघरापर्यंत बूट शिरल्यामुळें लोक रोगाइतकेच उपायालाही भ्याले, आणि रोगी लपवूं लागले. उलट १९७० सालीं जामखेडला काम आरंभिणाऱ्या डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनीं पुढें गांवांतल्याच, पुष्कळशा निरक्षर, बायकांना शिकवून आरोग्याचें काम त्यांच्या हातीं दिलें. शेजारच्या बाईला दार उघडतांना कोणाला भीति वाटावी?

योजना दिल्लींत आंखली जावी, याला माझी हरकत नाहीं. मात्र लस देण्याची वेळ फडावरच्या बाईला विचारून ठरवावी. ती कोपीवर परतल्यानंतर, संध्याकाळीं, परिचारिकेनें तेथें जावें. आणि मुलाची नोंद मुलाबरोबर गांवोगांव फिरावी. एवढें झाल्यावरही एखादें मूल राहून गेलें, तर मग अज्ञानाची गोष्ट खुशाल बोलूं.