ओल आणि ऊन

पावसाळाभर पेटीत मिटून राहिलेलं पुस्तक आश्विनातल्या कोरड्या हवेत पहिल्यांदा उघडलं, की जो वास येतो, त्याचे पदर मी आजवर कितीदा उलगडून पाहिले असतील. वरच्या पदरात ओल असते, पण ती मातीची नव्हे, बंद अंधाराची. मग वेखंडाचा उग्र दर्प, पानांच्या सांदीत अडकून राहिलेला कापराचा उरलासुरला थंडावा, बांधणीच्या खळीचा किंचित आंबूसपणा. आणि या सगळ्यांच्या तळाशी, नाक पानाला टेकवल्याशिवाय न कळणारा एक गोडसर गंध, व्हॅनिलाच्या जवळ जाणारा, जो फक्त जुन्या कागदाचा असतो. तो आला की डोळे आपोआप मिटतात. वाचायला म्हणून उघडलेलं पुस्तक हातात तसंच राहतं आणि मी राजापूरजवळच्या आजोळच्या खळ्यात जाऊन बसते.

कोकणातल्या पावसाशी पुस्तकांचं जमत नाही. जूनपासून हवाच इतकी भिजलेली, की कागद ती निमूट पीत राहतो. पानं फुगतात, कडा लहरतात, पुठ्ठ्यांवर बुरशी धरते. हस्ताचा पाऊस गडगडून गेला, नवरात्र उंबऱ्याशी आलं, की आजोबा एका सकाळी माळ्यावरच्या पेट्या खाली उतरवून घेत. रखरखीत उन्हात पुस्तक ठेवायचं नाही, हा त्यांचा दंडक. खळ्याच्या कडेला फणस होता. त्याच्या पानांतून चाळून येणारं ऊन पुस्तकांना पुरे, असं ते म्हणत. आम्हा मुलांकडे काम असे ते मऊ फडक्यानं पुसण्याचं, कसर दिसली तर झटकण्याचं, कडुनिंबाचा जुना पाला काढून नवा घालण्याचं. दुपार चढत जाई आणि सतरंज्यांवर उभी-आडवी पसरलेली ती पुस्तकं हळूहळू तापू लागत. तेव्हा तो वास सुटे. आधी एकेका पुस्तकाचा, वेगवेगळा. मग साऱ्या खळ्याचा मिळून एक. वारा आला की पानं आपणहून उलटत, आम्ही ती धरायला धावत असू, आणि आजोबा ओटीवरून म्हणत, "असू दे, वाचू दे त्याला."

सगळ्यांत शेवटी पोथ्या निघत, तांबड्या फडक्यात बांधलेल्या. जुने लेखनिक पोथी पुरी झाली की शेवटी तिच्याच तोंडून एक विनवणी लिहून ठेवत: मला तेलापासून जपा, पाण्यापासून जपा, सैल बांधणीपासून जपा, आणि मूर्खाच्या हाती देऊ नका. आजोबा त्या अक्षरांवरून बोट न टेकवता फिरवत आणि आम्हाला अर्थ सांगत. कोण होता तो लिहिणारा, कुठल्या दिव्याच्या उजेडात मान मोडून बसला होता, काही ठाऊक नाही. पण ज्याला तो कधी पाहणार नव्हता अशा माणसाला त्यानं विनवलं होतं, आणि तो माणूस फणसाखाली बसून त्याचं ऐकत होता.

किती पावसाळे गेले असतील मधून!

पुढे कधीतरी मला त्या गोडसर गंधाचं मूळ कळलं. लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या कागदात लिग्निन असतं. उजेड आणि हवा यांनी ते विघटत जातं, कागद पिवळा पडतो, ठिसूळ होतो, आणि त्या झिजण्यातून जे सूक्ष्म अंश हवेत सुटतात त्यांत व्हॅनिलिनही असतं. पोथ्यांचा कागद हातानं केलेला, चिंध्यांच्या लगद्याचा, जुन्नर-दौलताबादला होई तसा. त्यात लिग्निन जवळजवळ नसतंच, म्हणून आजोबांच्या पोथ्या माझ्या कॉलेजातल्या कादंबऱ्यांपेक्षाही उजळ दिसत आणि त्यांना हा वास नसे. म्हणजे ज्या गंधासाठी मी इतका जीव टाकते, तो कागदाच्या झिजण्याचा गंध आहे. हे कळल्यावर तो मला परका झाला नाही. उलट अधिकच आपला वाटू लागला. जे पुस्तक माझ्याबरोबर म्हातारं होतं, त्याच्यापाशी बसताना मला माझ्या वयाचा संकोच वाटत नाही.

आणि तरी माझ्या उशाशी गेली काही वर्षं किंडल आहे. भाच्यानं आणून दिलं, मीही ते प्रेमानं ठेवून घेतलं. २००७च्या नोव्हेंबरात ते अमेरिकेत पहिल्यांदा विकायला आलं तेव्हा ते मराठीसाठी नव्हतं. २०१६च्या अखेरीस त्याच्या दुकानात मराठी पुस्तकं आली, आणि मग त्या राखाडी पडद्यावर आपली वेलांटी, आपला रफार पाहताना मला खरोखर भरून आलं होतं. त्याची शाईही मोठी नवलाची. पडद्याच्या आत केसाच्या जाडीइतक्या बारीक कुप्या असतात, प्रत्येकीत काळे आणि पांढरे कण तरंगत असतात, आणि विजेच्या इशाऱ्यानं कधी काळे वर येतात, कधी पांढरे. पान एकदा उमटलं की ते धरून ठेवायला वीज लागत नाही. ते नुसतं थांबून राहतं, आपण वाचून होईपर्यंत. कोकणात रात्रीच्या गाडीनं जाताना, डब्यातले दिवे विझल्यावर, त्या मंद पानानं मला जी सोबत केली आहे, तिला मी विसरणार नाही.

पण त्याचं खरं ऋण आहे ते आईच्या डोळ्यांचं.

आईचे दोन्ही मोतीबिंदू काढून झाले होते, तरी आतला पडदा झिजत चालला होता. आधी तिनं वर्तमानपत्र सोडलं, मग मासिकं. मग एक दिवस तिनं चष्मा घडी करून घरात ठेवला आणि तो परत काढलाच नाही. आम्ही वाचून दाखवत असू. ती ऐके, मान हलवी, पण दुसऱ्याच्या आवाजात वाचलेलं पुस्तक तिला आपलं वाटत नसे. कुठे थांबायचं, कुठे मागे जायचं, कुठल्या वाक्यावर नुसतं बसून राहायचं, हे तिचं तिला हवं असे. मग मी किंडलवरची अक्षरं मोठी केली, आणखी मोठी केली, एका पानावर मोजक्या ओळी मावतील इतकी, आणि ते तिच्या हातात दिलं. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग ओठ हलू लागले. पान संपलं तेव्हा तिनं जन्माच्या सवयीनं अंगठा जिभेला लावला आणि पान उलटायला म्हणून काचेवर टेकवला. पान उलटलं. "अगं, झालं की!" ती म्हणाली, आणि माझ्याकडे न पाहता पुढे वाचू लागली.

ती वाचत होती ते लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. १९३४पासून भागाभागानं निघालेलं हे पुस्तक. लक्ष्मीबाई १९३६मध्ये गेल्या, त्यामुळे त्यावरचा स्वामित्वहक्क केव्हाच संपला आहे आणि ते कुणालाही छापता येतं, पडद्यावर आणता येतं. पण आईकडे त्याची एक छापील प्रतही आहे. आजोळच्या पेटीतली, वेखंडाच्या वासाची. तिच्या पहिल्या पानावर आजोबांचं नाव आहे, जांभळ्या पडलेल्या शाईत. त्याच्या खाली आईचं माहेरचं नाव, शाळकरी वळणाचं. आणि त्याच्याही खाली माझं, तारखेसकट. त्या प्रतीतली अक्षरं आईला आता दिसत नाहीत. तरी किंडल हातात घेतलं की ती म्हणते, "ते पुस्तकही दे गं इकडे." मग ती एकात वाचते आणि दुसऱ्यावर हात ठेवून बसते. मी विचारलं नाही कधी. मला ते कळतं.

मला जे बोचतं ते इथेच आहे. किंडलवरही खुणा करता येतात, टिपा लिहिता येतात. पण त्या माझ्या खात्यात राहतात, पुस्तकात राहत नाहीत. आणि पुस्तक तरी माझं कुठे असतं? आपण पैसे मोजतो ते वाचण्याच्या परवान्याचे. २००९च्या जुलैत ॲमेझॉननं ऑर्वेलची '१९८४' ही कादंबरी लोकांनी विकत घेतलेल्या किंडलवरून दुरूनच पुसून टाकली, कारण ज्यानं ती विकायला ठेवली त्याला तो हक्क नव्हता. पैसे परत मिळाले, कंपनीनं माफीही मागितली. पण रात्री घरात कुणी न येता कपाटातलं पुस्तक नाहीसं होऊ शकतं, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. आजोबांच्या पेट्या आमच्याकडे आल्या त्या टेंपोतून, कुणाच्याही परवानगीवाचून. मी गेल्यावर माझ्या खात्यातली पुस्तकं भाच्याला तशी उचलून नेता येणार नाहीत.

म्हणून मी माझ्यापुरती निवड केली आहे. वाचायला मला काहीही चालतं. अंधारात, प्रवासात, थकल्या डोळ्यांना जे मिळेल ते मी कृतज्ञतेनं घेते, आणि आईसाठी तर तो पडदा मी देवापाशी ठेवावा इतक्या आदरानं चार्ज करते. पण ज्या पुस्तकावर माझा जीव जडतो, जे मला एकदा वाचून पुरत नाही, ते मी कागदावरच विकत घेते, मग घरात जागा असो वा नसो. कारण ते मला फक्त वाचायचं नसतं. कुणाला तरी द्यायचं असतं, आणि ज्यांना द्यायचं त्यांतला कुणी अजून जन्मलेलाही नसेल.

तुमच्याही घरात अशी काही पुस्तकं असतील. त्यांच्या पहिल्या पानावर आज आपलं नाव लिहा, गाव लिहा, तारीख लिहा. आणि खाली आणखी दोन-तीन नावं मावतील एवढी जागा मोकळी सोडा.