मोर्चा आणि स्नेहसंमेलन

आषाढांत आमच्या कोलाडला पाऊस बिऱ्हाड करूनच राहतो. कुंडलिकेचें पाणी गढूळ होतें, महामार्गावरील खड्डे कोठें आहेत हें केवळ आठवणीनें ओळखावें लागतें, आणि आगगाडीच्या उघड्या वाघिणींवर चढून बसलेल्या मालमोटारींचा तांडा कोंकणांत जातांना पाहण्यावांचून माणसाला दुसरा उद्योग उरत नाहीं. अशा दिवसांत वर्षभर लांबणीवर टाकलेलीं पुस्तकें मी वाचावयास काढतों, आणि बहुधा तशींच परत कपाटांत ठेवितों.

परवां असेंच एक पुस्तक मांडीवर घेऊन बसलों असतां शेजारच्या खोलींतून माझ्या मुलीच्या हसण्याचा आवाज ऐकूं आला. ती पुण्यास शिकते. चार दिवसांच्या सुटींत घरीं आली होती. तिचें हसणें थांबेना, तेव्हां प्राध्यापकाला शोभतील अशा आठ्या कपाळावर चढवून मी तिकडे गेलों. ती कसलीशी इंग्रजी मालिका पाहत होती. मीं नांव विचारलें. "डेरी गर्ल्स," ती म्हणाली. स्वयंपाकघरांतून तिच्या आईनें विचारलें, "दूधसंघाची गोष्ट आहे का ग?" त्यासरशी मुलगी पुन्हां हसूं लागली, आणि मी आठ्यांसकट तिच्या शेजारीं बसलों.

तें डेरी दुधाचें नव्हें. उत्तर आयर्लंडमधील फॉइल नदीच्या कांठचें तें एक जुनें शहर. एका पक्षाचे लोक त्याला डेरी म्हणतात, दुसऱ्या पक्षाचे लंडनडेरी. म्हणजे गांवाचें नांव तोंडांतून निघतांच बोलणाऱ्याची जात कळावी! आयर्लंडशीं एक होऊं इच्छिणारे कॅथॉलिक आणि ब्रिटनशीं जडून राहूं इच्छिणारे प्रॉटेस्टंट यांच्यांतील कलह तेथें सुमारें तीस वर्षें चालला आणि त्यांत साडेतीन हजारांच्या आसपास माणसें मेलीं. १९७२ सालच्या ३० जानेवारीस याच शहरांत नागरी हक्कांसाठीं निघालेल्या मोर्च्यावर ब्रिटिश सैनिकांनीं गोळ्या झाडल्या; तेरा माणसें त्याच दिवशीं गेलीं. या शहरांत लहानाची मोठी झालेल्या लिसा मगी या लेखिकेनें आपल्या शाळकरी दिवसांवर ही मालिका रचली. २०१८ पासून २०२२ पर्यंत ती ब्रिटनमधील चॅनेल फोर या वाहिनीवर झाली. तिचे एकंदर एकोणीस भाग, आणि काळ १९९० नंतरच्या दहा वर्षांतला. जोगिणींनीं चालविलेल्या शाळेंतील चार मुली, आणि त्यांच्याबरोबर एक मुलगा. तो इंग्रज असल्यामुळें मुलांच्या शाळेंत मार खाईल, म्हणून त्याला मुलींच्या शाळेंत घातलेलें!

पहिल्याच भागांत सकाळीं बातमी येते कीं पुलावर बाँब सांपडला आहे व रस्ते बंद आहेत. घरांतील आई हबकते. पण बाँबमुळें नव्हे. सबंध सुटीभर घरांत धुडगूस घालणारीं मुलें आतां आजहि शाळेंत जाणार नाहींत कीं काय, या धास्तीनें! मुलगी हसली, मीहि हसलों. आणि हसतां हसतां असा एकाएकीं थांबलों कीं तिनें मान वळवून माझ्याकडे पाहिलें. चाळीस वर्षांहून अधिक काळ मनाच्या तळाशीं दडपून ठेवलेली एक गोष्ट त्या आईच्या वैतागानें वर आली होती.

१९८४ सालचा जानेवारी महिना. मी चौदा वर्षांचा होतों आणि आईबरोबर संक्रांतीला मामांच्या गांवीं गेलों होतों. तें गांव उरण तालुक्यांत, जासईपासून कोसाभरावर. समोर भाताचीं खाचरें, पलीकडे मिठागरें, आणि भरतीला बांधाशीं येऊन थबकणारें खाडीचें पाणी. नवी मुंबई वसविण्यासाठीं १९७० सालीं सिडको स्थापन झाली आणि ठाणें, पनवेल व उरण या भागांतील पंचाण्णव गांवांच्या जमिनी संपादनाखालीं आल्या. त्या जमिनींच्या मोबदल्याचा प्रश्न त्या वर्षीं पेटला होता. जासईचेच दि. बा. पाटील शेतकऱ्यांचे पुढारी होते. रात्रीं उशिरापर्यंत मामांच्या ओटीवर माणसें बसत. एकर, भाव, नोटीस असे शब्द आंत माझ्या अंथरुणापर्यंत येत.

माझें चित्त मात्र त्या शब्दांत नव्हतें. अठरा तारखेला आमच्या शाळेचें स्नेहसंमेलन होतें आणि त्यांतील एका नाटुकल्यांत मला हवालदाराचें काम मिळालें होतें. अवघीं सात वाक्यें. पण त्यांपैकीं दोन वाक्यांना तालमींत हशा पिकला होता. ज्याच्या वाक्याला एकदां हशा पिकला, त्याला पुढें कांहीं दिवस जगांतील इतर सर्व घडामोडी क्षुल्लक वाटतात. नाटकांतली पोलिसी टोपी आणि काळ्या लोकरीची मिशी मीं पिशवींत घालून बरोबर आणली होती. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशीं सकाळीं दोन्ही चढवून मी अंगणांत तालीम करूं लागलों. "चला, गर्दी करूं नका!" असें ऐटींत म्हणतों न म्हणतों तोंच मामी धांवत आल्या आणि दंडाला धरून त्यांनीं मला आंत ओढलें. रस्त्यावर खरे पोलीस उभे होते. माझ्या वाक्याचा राग त्यांना अगोदर आला असता, कीं गांवकऱ्यांना, हें सांगणें कठीण होतें. टोपी भाताच्या कणगींत गेली. मिशी मीं खिशांत लपविली.

सोळा तारखेला दास्तान फाट्यापाशीं गोळीबार झाला, सतराला नवघरला. त्या दोन दिवसांत पांच शेतकरी प्राणांस मुकले. गोळ्यांचे आवाज मीं ऐकले नाहींत. मला आठवते ती सोळाची रात्र. मामा उशिरा घरीं आले. खांद्यावर लाठी बसली होती. सदरा काढतांना हात वर जाईना. मामी हळद कालवीत होत्या, आई कंदील धरून उभी होती, आणि कोणीच बोलत नव्हतें. त्या शांततेंत मीं विचारलें, "मामा, उद्यां एस. टी. सुरू होईल का?"

मामांनीं क्षणभर माझ्याकडे पाहिलें. "नाहीं रे बाळा," एवढेंच ते म्हणाले.

त्या काळीं कोलाडला रेल्वे आलेली नव्हती, एस. टी. नाहीं म्हणजे कांहींच नाहीं. अठराच्या संध्याकाळीं, इकडे आमच्या शाळेंत पडदा वर जात असेल त्या घटकेला, मी मामांच्या परसांत जाऊन रडलों. माझीं सात वाक्यें दुसरा कोणी मुलगा म्हणत असेल, आणि त्या दोन वाक्यांचा हशाहि तोच घेत असेल, या विचारानें मला हुंदका आवरेना. सबंध पंचक्रोशी सुतकांत होती. शेजारच्या एका म्हातारीनें मला पाहिलें. पदरानें माझे डोळे पुशीत ती म्हणाली, "बघा ग पोराचं काळीज! परगांवचं पोर, पण आपल्या माणसांसाठीं कसं रडतंय!"

मी गप्प राहिलों. माझ्या हातून जन्मांत सर्वांत अधिक काळ चाललेली लबाडी ती हीच.

कारण ती गोष्ट तेथें थांबली नाहीं. मामांनीं ती उचलली. आंदोलनानंतर संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के जमीन विकसित करून शेतकऱ्यांना परत देण्याचें धोरण आलें, वर्षें लोटलीं, दरवर्षीं जानेवारींत हुतात्म्यांचें स्मरण होत राहिलें. आणि दरवर्षीं, शिवाय प्रत्येक लग्नकार्यांत, मामा माझ्या पाठीवर थाप मारून सांगत, "हा चौदा वर्षांचा होता, पण आपल्या माणसांसाठीं रडला होता." मी मान खालीं घालीत असें. लोक त्याला विनय समजत.

लढ्याच्या दिवसांतलें बालपण म्हटलें म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें एक ठराविक मुलगा उभा राहतो. त्याच्या हातीं झेंडा असतो आणि डोळ्यांत तेज. चिरनेरचा १९३० चा जंगल सत्याग्रह आमच्याच जिल्ह्यांतला. त्याच्या कथा ऐकत आम्ही वाढलों. त्या कथांत, आज मोर्चा आहे म्हणून खेळ बुडाला, अशी कुरकुर करणारा मुलगा मला कधीं भेटला नाहीं. तो चिरनेरांतहि असलाच पाहिजे. फक्त मोठेपणीं त्यानें माझ्यासारखेंच मौन पत्करलें असावें.

मराठींत असा मुलगा मला भेटला तो मिलिंद बोकिलांच्या 'शाळा' या २००४ सालच्या कादंबरींत. काळ आणीबाणीचा. वडील माणसें हलक्या आवाजांत बोलताहेत, आणि नववींतल्या मुकुंद जोशीचा जीव मात्र शिरोडकरांत गुंतलेला. पुढें सुजय डहाके यांनीं त्यावर चित्रपट केला. कादंबरी प्रथम वाचली तेव्हां, राष्ट्र एवढ्या संकटांत आणि या मुलाला प्रेम सुचतें, असा एक शेरा मनांत उमटल्याचें मला स्मरतें. असा शेरा मारण्याचा अधिकार सगळ्या महाराष्ट्रांत मलाच सर्वांत कमी होता!

तो शेरा मनांतच राहिला असता तर बरें झालें असतें. २००८ सालीं पेण तालुक्यांतील बावीस गांवांत, विशेष आर्थिक क्षेत्रासाठीं जमिनी द्यावयाच्या कीं नाहीं, यावर २१ सप्टेंबरला जनमत घेतलें गेलें. त्या सुमारास मीं वर्गाला 'माझें गांव' या विषयावर निबंध दिला होता. त्या भागांतल्या मुलांनीं जमीन, आई, रक्त असे शब्द भरपूर वापरले; मीं भरपूर गुण दिले. एकानें मात्र लिहिलें कीं गांवांतील एकुलत्या एका मैदानावर रोज सभा होते, त्यामुळें दोन महिने क्रिकेट बंद आहे, आणि विरोध करणारे व करूं नका म्हणणारे दोघेहि खेळपट्टीवर चपला घालून उभे राहतात. मीं समासांत लाल शाईनें लिहिलें, 'विषयाचें गांभीर्य नाहीं', आणि गुण कापले. त्या सबंध गठ्ठ्यांतील तो एकच निबंध मला आज आठवतो.

यावर कोणी विचारील, मग मेलेल्यांचें काय? ज्यांच्या घरचा माणूस परत आला नाहीं, त्यांच्यापुढें हें हसणें निष्ठुर नव्हे काय? ही शंका खरी आहे, आणि ती मालिकेच्या लेखिकेलाहि पडलेली दिसते. पहिल्या वर्षाच्या अखेरच्या भागांत शाळेचा करमणुकीचा कार्यक्रम आहे. आमच्याकडचें स्नेहसंमेलनच म्हणा. एक वेंधळी मुलगी रंगमंचावर कांहींतरी विचित्र नाच करूं लागते. सभागृह तिची टर उडवितें, तेव्हां तिच्या मैत्रिणी धांवत जाऊन तिच्याबरोबर तसेंच नाचूं लागतात. त्याच वेळीं घरीं आईबाप व आजोबा दूरचित्रवाणीवर एका भीषण स्फोटाची बातमी पाहत आहेत. एरवीं जांवयाला उठतां बसतां टोचून बोलणारे आजोबा मुकाट्यानें त्याच्या खांद्यावर हात ठेवतात. मुलींना कशाचाच पत्ता नाहीं. त्या नाचत आहेत. तें पाहतांना माझ्या मुलीचें हसणें केव्हां थांबलें तें मला कळलें नाहीं, कारण माझा चष्मा धुरकट झाला होता.

माझ्या प्रश्नानंतर मामांनीं माझ्याकडे जें पाहिलें त्याचा अर्थ इतकीं वर्षें मी 'निर्लज्ज कार्टें' असा करीत आलों. त्या आजोबांकडे पाहून वाटलें कीं तसें नसेल. बाहेर गोळ्या सुटत असतां घरांत एक पोर स्नेहसंमेलनाची काळजी करतें आहे, याचा त्या थकल्या माणसाला कदाचित् दिलासाच वाटला असेल. खाचर राखावयाचें तें कोणासाठीं? नाटकासाठीं रडण्याची ज्यांना सवड असावी अशा पोरांसाठींच ना? माझें नाटकाचें दुःख खरें होतें आणि त्यांत लाजण्यासारखें कांहीं नव्हतें. लाजिरवाणें एवढेंच कीं त्या दुःखाला मीं पांच मेलेल्या माणसांचें नांव लावूं दिलें.

उरलेले भाग आम्ही दोघांनीं मिळून पाहिले. शेवटच्या भागांत १९९८ सालच्या २२ मेचें जनमत येतें, आणि अठरा वर्षांची झालेली नायिका तह मान्य कीं अमान्य हें सांगावयास मतदानाला जाते. तो संपल्यावर मीं मुलीला सारी हकीकत सांगितली. लोकरीच्या मिशीपाशीं ती हसली. मग म्हणाली, "आणि मामाआजोबांना कधींच सांगितलं नाहींत?"

मामा जाऊन आतां सहा वर्षें झालीं. मामी आहेत, ऐंशी ओलांडल्या तरी कान शाबूत आहेत. त्याच रात्रीं, पाऊस जरा ओसरल्यावर, मीं त्यांना फोन लावला. दहावीचा निकाल सांगणाऱ्या मुलासारखा अडखळत मी म्हणालों, "मामी, मी तेव्हां परसांत रडलों ना, तें मेलेल्या माणसांसाठीं नव्हतं. आमच्या नाटकासाठीं होतं."

पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग मामींचें हसणें ऐकूं आलें.

"अरे, ठाऊक आहे! सबंध रात्रभर झोपेंत 'चला, गर्दी करूं नका' म्हणून ओरडत होतास तूं."

"आणि मामा?"

"त्यांच्याच कुशीला तर निजला होतास."