नव्वद दिवसांची शिदोरी

लेकीचं पहिलं बाळंतपण जर्मनीत, फ्रायबुर्गला. तिला पनवेलला आणायची सोय नव्हती, तेव्हा माहेरानेच तिकडे जायचं ठरलं. गेल्या वर्षी, २०२५ च्या जुलैत तिचे दिवस भरणार होते. हे म्हणाले, "त्याआधी एप्रिलमध्ये पॅरिस-स्वित्झर्लंड पाहून घेऊ. मग तू नातवंडात अडकशील." एकाच व्हिशात दोन्ही कामं साधायची, असा आमचा बेत.

शेंगेनचा व्हिसा म्हणजे युरोपातल्या २९ देशांचा मिळून एकच परवाना. जिथे जास्त दिवस राहायचं त्या देशाकडे अर्ज करायचा, म्हणून माझा अर्ज जर्मनीकडे केला. पहाटेची लोकल पकडून मुंबईला बोटांचे ठसे द्यायला गेले. जन्मभर भांडी घासलेल्या बोटांचे ठसे काही लवकर उमटेनात! पण व्हिसा मिळाला. मुदत १ एप्रिल ते ३० सप्टेंबर, कितीही वेळा ये-जा, आणि राहण्याचे दिवस ९०. मला वाटलं, प्रत्येक खेपेला नव्वद!

५ ते १८ एप्रिल सहल झाली. पॅरिसहून बसमध्ये बसलो ते स्वित्झर्लंडात उतरलो. वाटेत कुणी पासपोर्टसुद्धा विचारला नाही. आपल्याकडे पूर्वी गावाच्या वेशीवर जकात नाका असे, तेवढीही अडवणूक नाही. मला फार कौतुक वाटलं.

१ जुलैला बाळंतशोपा, डिंक, अळीव बांधून एकटीच निघाले. दुधातुपाचे पदार्थ तिकडे नेऊ देत नाहीत, म्हणून तूप तिथल्याच लोण्याचं कढवलं. २० जुलैला नात झाली. न्हाऊमाखू, शेकशेगडी यात दिवस कसे गेले कळलं नाही.

ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी जावई कॅलेंडर घेऊन बसले. "आई, तुमचं परतीचं तिकीट २८ सप्टेंबरचं. १ जुलैपासून नव्वद बरोबर होतात. पण एप्रिलचे चौदा कुठे गेले?"

माझ्या पोटात गोळा आला. नियम असा, की कुठल्याही १८० दिवसांत सगळ्या देशांचे मिळून नव्वदच दिवस. आल्याचा दिवस धरायचा, गेल्याचाही धरायचा. चौदा वजा जाता माझ्याकडे उरले शहात्तर, म्हणजे १४ सप्टेंबरपर्यंत. त्यापुढे राहिले तर दंड, कदाचित प्रवेशबंदी, आणि पुढचा व्हिसा मिळायची पंचाईत. मग नातीला पुन्हा कधी बघणार?

लेक काहीच बोलली नाही. नुसती बाळाची दुपटी घडी करत राहिली. ती भांडली असती तर बरं वाटलं असतं. जे दिवस तिच्या वाट्याचे होते ते मी बर्फ बघण्यात खर्चून आले होते, असं मला त्या रात्री वाटलं.

शेवटी विहीणबाईंना फोन केला. बिचाऱ्या हातातलं काम टाकून अर्जाच्या मागे लागल्या आणि १२ सप्टेंबरला येऊन पोचल्या. दोन दिवसांत त्यांना सगळं दाखवून दिलं: अळिवाचा डबा कुठे, बाळाला कोणत्या कुशीवर झोप लागते. १४ तारखेला निघाले, तेव्हा नात आठ आठवड्यांची होती. दारातून लेक म्हणाली, "आई, पुढच्या वेळी सगळे नव्वद माझे हं!"

सहलीचा मला पश्चात्ताप नाही. पण मैत्रिणींनो, लेकीकडे जायचं असेल तर तिकिटाआधी कॅलेंडर भिंतीवरून खाली काढा. व्हिशाची मुदत वेगळी आणि राहण्याचे दिवस वेगळे. ब्रिटन आणि आयर्लंड या व्हिशात येत नाहीत. विमा निदान ३० हजार युरोचा हवा. शिक्क्यांच्या जागी १२ ऑक्टोबर २०२५ पासून संगणकावर नोंद सुरू झाली आहे, तेव्हा एका दिवसाची चूकही लपायची नाही.

देश एकोणतीस असले तरी शिदोरी एकच. एकीकडे सोडली की दुसरीकडे तेवढी कमी पडते.