बोनाफाईड

परवा भिलाईजवळच्या चरोद्याहून धाकट्या भावाचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं आणि ठेवता ठेवता तो म्हणाला, “दादा, पोराचं बोनाफाईड आणलं बरं का. आता हे शेवटचंच.” पुतण्याचं एम.एस्सी.चं शेवटचं सेमिस्टर चालू आहे. भाऊ बाबांसारखाच लोको शेडमध्ये. त्याने सहज सांगितलं. मला मात्र त्या रात्री जेवण गेलं नाही.

रेल्वे कॉलनीत वाढलेल्यांना हे समजावून सांगायला नको. मुलगा 21 वर्षांचा झाला की बापाच्या रेल्वेच्या फुकट प्रवासाच्या पासवरून त्याचं नाव उतरतं. शिकत असेल तर राहतं, आणि शिकतोय याचा पुरावा म्हणजे कॉलेजचं बोनाफाईड. लोकांची मुलं पदवी घेतात तेव्हा घरी पेढे येतात. आमच्याकडे पेढे येत, आणि पासवरचं एक नाव जाई.

माझ्या कॉलेजच्या शेवटच्या वर्षी बाबा पासचा अर्ज भरायला बसले, ते अजून दिसतं. पाटावर कागद, खाली कार्बन, बोटांना जांभळी शाई. आई, ताई, मग माझ्या नावापाशी पेन थांबलं. “निकाल कधी?” मी म्हटलं, जूनमध्ये. “मग मेमध्येच जाऊन येऊ.” किती टक्के पडतील, पुढे काय करणार, काही नाही. वर्षाला पासचे तीन सेट मिळत. त्यातला एक माझ्या नावासकट वापरून घ्यायची त्यांना घाई. भर उन्हाळ्यात आम्ही नाशिकला गेलो. कुणाचंच काही काम नव्हतं तिथे.

त्याच दिवसांत शेजारचे एक काका मला माधवराव सप्र्यांचं उदाहरण द्यायचे. सप्रे 1899 मध्ये बी.ए. झाले, सरकारी नोकरी नाकारली आणि दुसऱ्याच वर्षी पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे मासिक काढलं. मराठी घरातला माणूस, हिंदीत मोठा झाला. हे ऐकून मला स्फूर्ती यावी अशी काकांची अपेक्षा. मी विचार करायचो, सप्र्यांच्या वडिलांना पास नसावा. सप्र्यांची पदवी कलकत्ता विद्यापीठाची. पुढे 1923 मध्ये नागपूरला विद्यापीठ झालं, 1946 मध्ये सागरला, 1964 मध्ये रायपूरला. माझी पदवी रायपूरची. 2015 पासून दुर्गलाही विद्यापीठ आहे, पुतण्याची पदवी तिथलीच असेल. पदवी देणारं गाव असं जवळ जवळ येत गेलं आणि पदवी घेणारी पोरं लांब लांब गेली. आम्ही चरोद्याला मुळात आलो ते पोलाद कारखान्यामुळे. भिलाईची पहिली झोतभट्टी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते 4 फेब्रुवारी 1959 ला सुरू झाली. कारखान्यासाठी यार्ड, यार्डासाठी शेड, शेडसाठी गोंदियाहून बाबा. मी कशासाठी, ते त्या साखळीत कुठे बसेना. म्हणून नागपूरला आलो, तिकीट काढून.

पास गेल्याचा राग होता तो ताईवर. मुलींना वयाची अट नाही. लग्न होईपर्यंत त्यांचं नाव पासवर राहतं, कमावत्या असल्या तरी. माझं नाव गेलं त्या वर्षी ताई शाळेत नोकरीला लागली होती आणि तरी अर्जावर दिमाखात होती. “पगार तुला, पास पण तुलाच,” असं मी कितीदा तरी बोललो. ती हसायची. नाशिकच्या त्या प्रवासात खिडकीही तिने मलाच दिली होती, हे मला आत्ता लिहिताना आठवतंय. बाबा समोरच्या बाकावर, पास शर्टाच्या आतल्या खिशात, आणि दर स्टेशनला खिसा चाचपून बघणं. आता पास मोबाइलवर येतो, चाचपायला काही उरलं नाही.

ताईने लग्न केलं नाही. बाबा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. त्यांना मिळणाऱ्या पासवर आईबरोबर तिचंही नाव अजून लागतं, अविवाहित मुलगी म्हणून. पासचा अर्ज तीच भरते, आरक्षण तीच करते, बाबांच्या गोळ्यांच्या वेळा तिलाच पाठ, आणि फलाटावर दोघांच्या बॅगा तीच उचलते. रेल्वेच्या कागदावर मात्र तीच बाबांच्या पासवर आहे.