'अँग्विलिफॉर्म' : आकाराचे नाव की कुळाचे?

प्राणिशास्त्र विभागाने विद्यार्थ्यांसाठी केलेली परिभाषेची यादी मराठीत आणण्याचे काम आम्हा दोघा मराठीच्या अध्यापकांकडे आले आणि 'अँग्विलिफॉर्म' ह्या शब्दापाशी ते अडले. शब्दाची फोड अवघड नाही. लॅटिनमध्ये 'अँग्विस' म्हणजे साप. त्याचे लघुत्वदर्शक रूप 'अँग्विला', म्हणजे ईल हा मासा. 'फॉर्म' म्हणजे आकार. 'सर्पमीनाकृती' असे लिहून पुढे जाता आले असते. परंतु हा शब्द दोन वेगळी कामे करतो, आणि ती मराठीत वेगळी ठेवणे हीच खरी अडचण आहे.

एक काम साध्या विशेषणाचे. अंग लांब, सापासारखे असेल तर तो मासा अँग्विलिफॉर्म. दुसरे काम कुळकथेचे. 'अँग्विलिफॉर्मिस' हे माशांच्या एका गणाचे नाव आहे, आणि त्या गणातल्या माशांनाही इंग्रजीत सर्रास 'अँग्विलिफॉर्म' म्हटले जाते. म्हणजे एकच शब्द कधी 'दिसतो कसा' हे सांगतो, तर कधी 'कोणाचा कोण' हे.

ह्या दोन गोष्टी एकमेकींशी जुळतातच असे नाही. आपल्या नद्यांतील काटेरी पाठीची वाम अंगाने लांबट आणि सर्पाकार, पण ती ह्या गणात नाही. समुद्रातील वाम मात्र ह्या गणात आहे. दोघींचे कूळ निराळे, आणि मराठीत नाव एकच! कोळणीला आणि गिऱ्हाइकाला आकार पुरेसा असतो. 'वाम' हा शब्द 'अँग्विलिफॉर्म' ह्या विशेषणाचेच काम किती काळ बिनबोभाट करीत आला आहे, हे आमच्या ध्यानात आले तेव्हा त्याच्याविषयीचा आमचा आदर वाढला. दक्षिण अमेरिकेतील विजेचा धक्का देणारा तथाकथित 'विद्युत ईल' हाही नात्याने ईल नव्हे. त्याची जवळीक शिंगाळ्याच्या गोतावळ्याशी आहे.

याच्या नेमके उलट उदाहरण अधिक विलक्षण आहे. पारदर्शक, पानासारखा चपटा, इवल्याशा डोक्याचा एक समुद्री जीव अभ्यासकांना सापडत असे. त्याला त्यांनी 'लेप्टोसेफॅलस' अशी स्वतंत्र प्रजाती मानले. ग्रीकमध्ये ह्याचा अर्थ 'बारीक डोक्याचा'. 1856 मध्ये काउप ह्यांनी त्यातल्या एकाला 'लेप्टोसेफॅलस ब्रेव्हिरोस्ट्रिस' असे नाव दिले. पुढे 1896 मध्ये ग्रासी आणि कालान्द्रुच्चो ह्या इटालियन संशोधकांनी दाखवून दिले की हा वेगळा मासा नसून युरोपीय ईलचेच पिल्लू आहे. ईलसारखे काहीही न दिसणारे ते ईलच निघाले. प्रजाती गेली, नाव मात्र राहिले. आज 'लेप्टोसेफॅलस' म्हणजे ईल आणि त्यांच्या आप्तांच्या डिंभाची अवस्था. विशेषनामाचे सामान्यनाम होणे आम्ही व्याकरणाच्या तासाला शिकवतो. इतके नाट्यमय उदाहरण आम्हांला दुसरे ठाऊक नाही.

सादृश्य आणि नाते ह्यांची हीच गफलत आमच्याही शास्त्रात होते. गोड्या पाण्यातील आपल्या 'अँग्विला बेंगालेन्सिस' ह्या ईलला मराठीत 'अहिर' म्हणतात. ऋग्वेदात वृत्राला 'अहि' म्हटले आहे. अहि म्हणजे साप. आता 'अहिर', 'अहि' आणि 'अँग्विस' ही माळ ओवण्याचा मोह कोणाला होणार नाही? पण संस्कृत 'अहि' आणि ग्रीक 'ओफिस' ह्यांचे नाते साधारणतः मान्य असले, तरी लॅटिन 'अँग्विस' त्यांत बसवताना त्यातील अनुनासिक आडवा येतो, आणि त्याविषयी भाषाभ्यासकांत मतभेद आहेत. 'अहिर' तर केवळ कानाला जवळचा वाटतो. तेवढ्यावरून व्युत्पत्ती लावणे म्हणजे नदीतल्या वामेला समुद्रातल्या वामेची बहीण ठरवणे होय. वर्गात हे सांगितले की मुले हिरमुसतात. त्यांना माळ हवी असते.

असो. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नाहीत. रोमन लिपीत गणाचे नाव मोठ्या अक्षराने सुरू होऊन वेगळे दिसते, तो आधार आपल्याला नाही. म्हणून गणासाठी 'अँग्विलिफॉर्मिस गण' हेच ठेवले आणि आकारासाठी 'सर्पमीनाकृती' घेतले. प्राण्यांच्या नावांच्या रकान्यात मात्र 'सर्पमीन' न घालता 'अहिर' आणि 'वाम' ठेवण्याचा आम्ही आग्रह धरला. काठावरच्या गावांतून येणाऱ्या मुलांना घरी असलेला शब्द पाठ्यपुस्तकात परका करून शिकवण्यात कोणते शास्त्र आहे, हे आम्हांला कळत नाही.

तिसरा एक उपयोग उरला होता. 1926 मध्ये ब्रेडर ह्यांनी माशांच्या पोहण्याचे प्रकार सांगताना, सर्वांगातून लाट सोडीत पुढे जाण्याच्या रीतीला हाच शब्द वापरला. पाणसापही असाच पोहतो, तेव्हा इथे मासा असण्याचीही अट नाही. आम्ही सुचवले, 'नागमोडी पोहणे'. घाटातल्या रस्त्यांनी घासून गुळगुळीत केलेला शब्द, आणि त्यात साप आयताच आलेला! प्राणिशास्त्राच्या बाईंना तो आवडला, पण त्यांची हरकत रास्त होती: बांगड्याची शेपटीही नागमोडीच हलते; भेद आहे तो लाट किती अंगातून जाते ह्याचा. त्या रकान्यात सध्या पेन्सिलीने 'सर्वांग-नागमोडी' असे लिहिलेले आहे.