काट्यावर चढलेला शब्द

इंग्रजीतल्या ‘एक्झॅक्टिंग’ या विशेषणाला मराठीत नेमका जोडीदार मिळत नाही. ‘कडक’ म्हटले की शिस्त आणि चढा आवाज आठवतो, ‘चोखंदळ’ म्हटले की निवड. एक्झॅक्टिंग माणूस समोरच्याकडून उत्तमच मागतो आणि त्यात सूट देत नाही. उत्तर अचूक असते, म्हणजे ‘एक्झॅक्ट’. ते तपासणारे गुरुजी ‘एक्झॅक्टिंग’. हे विशेषण कामालाही लागते. मोडी कागद वाचणे, मनगटी घड्याळ उघडून दुरुस्त करणे ही कामे नजर आणि धीर दोन्ही वसूल करतात.

वसुली तर या शब्दाच्या मुळातच आहे. लॅटिन ‘एक्झिगेरे’ म्हणजे बाहेर काढणे, मागून घेणे, तोलून पाहणे. ‘एक्झॅक्ट’ हे इंग्रजी क्रियापद आजही खंडणी आणि सूड यांच्यासोबत येते. त्याच लॅटिन धातूतून ‘एक्झामेन’ निघाला, म्हणजे तराजूचा काटा. ‘एक्झामिनेशन’ त्याचाच वंशज. परीक्षा देणे म्हणजे मुळात काट्यावर चढणे. आणि मराठी, लॅटिनशी काही बोलणे न होता, ‘काटेतोल’ आणि ‘काटेकोर’पाशी येऊन थांबली, हे फार सुंदर आहे.

सराफाचा जुना काटा नाजूक असे. पितळेची चिमुकली पारडी, वारा लागू नये म्हणून कधी भोवती काचेची पेटी. एका पारड्यात दागिना, दुसऱ्यात काळ्या डोळ्याची लालभडक गुंज. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. काटा स्थिरावेपर्यंत गिऱ्हाईक आणि सराफ दोघेही गप्प. मेट्रिक वजनांचा कायदा १९५६ साली आला. जुना तोळा सुमारे ११.६६ ग्रॅमचा, आज दुकानात दहा ग्रॅमलाच तोळा म्हणतात. नाव टिकले, वजन घटले.

‘डिमांडिंग’ हा शब्द जवळचा, पण ढोबळ. रडून घर डोक्यावर घेणारे तान्हे मूल डिमांडिंग असते, एक्झॅक्टिंग कधीच नसते. तिथे दर्जाचा प्रश्नच नाही. ‘काटेकोर’ त्याहून जवळ येतो, तरी एक पाऊल मागे राहतो. हिशेबात काटेकोर असलेला माणूस दुसऱ्याकडे काहीच मागत नसेल. एक्झॅक्टिंगमध्ये मागणे आलेच. म्हणून भाषांतरकाराला कधीकधी ‘काटेकोर अपेक्षा ठेवणारा’ असे तीन शब्द खर्चावे लागतात.