बूच आणि बुडबुडे

जिचे नाव सर्वांच्या तोंडी असते पण चव फार थोड्यांच्या जिभेस ठाऊक असते, अशा वस्तूंत शँपेनची गणना केली पाहिजे. शर्यत जिंकणारे वीर ती एकमेकांच्या अंगावर उडवितात, नवे जहाज पाण्यात लोटताना तिची बाटली त्याच्यावर फोडतात. पिण्याचा प्रकार त्या मानाने विरळाच! सोज्ज्वळ वाचकांनी दचकू नये. मद्यपानाची तरफदारी करण्यास आम्ही बसलेलो नाही. काव्याची चिकित्सा केली की त्यातील रस उडून जातो, हा आक्षेप आम्ही वर्गात आजवर कितीदा तरी ऐकला आहे; तो कितपत खरा, हे एकदा निराळ्या रसावर पाहावे, एवढाच आमचा हेतू.

शँपेन हे मुळात एका प्रांताचे नाव. पॅरिसच्या ईशान्येस रॅंस व एपर्ने या गावांभोवती खडूच्या टेकड्या आहेत. तेथील थंडीत द्राक्षे आपला आंबटपणा सोडीत नाहीत, आणि हा दोषच पुढे गुण ठरतो. त्यांच्या रसाचे प्रथम साधे मद्य करतात. मग त्यात थोडी साखर व यीस्ट घालून ते बाटलीत कोंडतात आणि तळघरात निजवितात. यीस्ट साखर खाते, त्यातून वायू निपजतो, आणि त्यास बाहेर वाट नसल्यामुळे तो मद्यातच विरघळतो. बाटलीतील दाब वातावरणाच्या सुमारे सहापट होतो. यीस्ट मरून तळाशी साका बसतो. परंतु त्या साक्याच्या दीर्घ सहवासानेच मद्यास भाजलेल्या पावासारखा सुवास येतो. कायद्यानेच ही बाटली निदान १५ महिने, आणि एकाच वर्षाच्या पिकाची असल्यास ३ वर्षे, तळघरात ठेवावी लागते.

दों पेरिन्यों नावाच्या साधूने हे मद्य शोधून काढले, अशी आख्यायिका आहे. पण तो आपल्या मठात १६६८ साली आला. साखर घालून मद्य फेसाळ करण्याची रीत ख्रिस्तोफर मेरेट या इंग्रजाने १६६२ सालीच लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वर्णिली होती. आम्हांस त्या साधूपेक्षा एका विधवेचे मोल अधिक वाटते. बार्ब-निकोल क्लिको १८०५ साली, वयाच्या २७ व्या वर्षी विधवा झाली. फ्रेंच कायद्याने विवाहित स्त्री नवऱ्याच्या ताब्यात असे. विधवेस मात्र स्वतःच्या नावाने व्यापार करता येई. तिने पेढी हाती घेतली. भोकांच्या फळीत बाटल्या उलट्या खोचून, त्या हळूहळू फिरवीत साका बुचाशी आणण्याची युक्ती तिच्याच तळघरात सिद्ध झाली. तिच्या बाटलीवर ‘विधवा’ हा शब्द आजही मानाने छापलेला असतो. त्याच शतकात आमच्याकडे विधवेचे केशवपन करून तिला माजघराच्या अंधारात बसवीत. त्या अंधारात किती बुद्धी विझली, याची गणती कोणी ठेवली नाही.

आता आस्वादाविषयी दोन शब्द. बाटली ८ ते १० अंशांइतकी थंड असावी. बूच घट्ट धरून बाटली फिरवावी, म्हणजे धडाका न होता नुसता निःश्वास ऐकू येतो. पेला मध्ये फुगीर व तोंडाशी निमुळता असावा, म्हणजे सुवास कोंडून राहतो. बुडबुडे उठतात ते बहुधा पेल्यात राहिलेल्या कापडाच्या किंवा धुळीच्या सूक्ष्म तंतूंपासून. पेला सर्वस्वी निर्मळ असेल तर ते फारसे उठतच नाहीत! आमच्या नाशिकच्या द्राक्षांपासूनही याच पद्धतीने फेसाळ मद्य होते. त्यास शँपेन म्हणता येत नाही, पण आस्वादाचे नियम तेच.

हे सर्व जाणून पहिला घोट घेणाऱ्यास त्या आंबटपणात टेकडीवरची थंडी लागते आणि सुवासात तळघरातली वर्षे. न जाणणारा दुसरा पेला मागतो; जाणणाऱ्याचा पहिलाच लवकर संपत नाही. चिकित्सेने रस उडतो म्हणणारांस आमचे एवढेच सांगणे आहे की, उडते ती हाव; रस तर तेथूनच चढू लागतो.